हात जपायचा की वापरायचा? स्तनाच्या कर्करोगानंतरचा व्यायाम आणि आहार

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५४, राहायला कोथरूड. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. आधी लाल रंगाच्या औषधाच्या चार केमो, मग दर आठवड्याला एक अशा बारा, त्यानंतर पंधरा दिवस रेडिएशन. हे संपून सात महिने झाले, लेट्रोझोलची गोळी चालू आहे. रिपोर्ट चांगले आहेत. पण वजन ५९ वरून ६८ किलोवर गेलंय, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, सकाळी बोटं आणि गुडघे आखडलेले असतात, तळपाय बधिर वाटतात आणि डावा हात कानापर्यंत जात नाही. ‘घरचे भरलेला तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. मैत्रीण म्हणते दूध, साखर, सोयाबीन बंद कर. घरी शाकाहार आहे, मला अंडं चालतं. मे महिन्यात लेक बंगळूरहून येतेय, नातू अकरा किलोचा आहे. त्याला मी उचलू शकेन का?’

ताई, नातवाचं शेवटी सांगते. आधी एक काम करा. जेवणाच्या टेबलाची बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. साठीतल्या बाईला १२ वेळा तरी जमायला हवं. तुमच्यासारखा उपचार झालेल्या बायका पहिल्या दिवशी माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सात-आठवर थांबतात, आणि त्यांना मोठा धक्का बसतो, कारण आरशात तर त्या ‘भरलेल्या’ दिसत असतात.

तुमच्या तक्रारींचा मोठा भाग इथे आहे. वजनकाटा नऊ किलो वाढ दाखवतो, पण ती चरबीची आहे. खाली स्नायू घटलेले आहेत. केमोबरोबर स्टिरॉइड दिलं जातं, दर आठवड्याच्या केमोत तर दर आठवड्याला. त्यानं भूक खवळते आणि स्नायू झिजतात. भरीला महिनोन्‌महिने पलंग आणि सोफा. वर लेट्रोझोल, जे शरीरात उरलंसुरलं इस्ट्रोजेनही जवळजवळ पुसून टाकतं. तेव्हा माझ्या दृष्टीनं तुमचा प्रश्न वजन कमी करण्याचा नंतर आहे, आधी स्नायू परत मिळवण्याचा आहे. त्याला दोन गोष्टी एकदम लागतात, ओझं आणि प्रथिनं. नुसतं चालून स्नायू येत नाहीत आणि नुसती पनीर-अंडी खाऊनही येत नाहीत.

आणि नेमक्या याच दोन गोष्टी घरचे तुमच्यापासून लांब ठेवतायत, तेही प्रेमानं. मी २३ वर्षं पुण्यात फिजिओथेरपी करते, त्यातला बहुतेक काळ कर्करोगाच्या पेशंटबरोबर गेला. माझं एक निरीक्षण आहे: आपल्याकडे बाईच्या मोठ्या आजारपणाचा एकच साचा माहीत आहे, बाळंतपणाचा. जड उचलू नको, गार पाण्यात हात घालू नको, पडून राहा. मग डिंकाचे लाडू येतात, आळिवाची खीर येते, तूप घातलेला मऊ भात येतो. पंचविशीतल्या बाळंतिणीला हे ठीक. ती दूध पाजत असते, तिचे हार्मोन्स जागेवर येणार असतात. चोपन्नाव्या वर्षी लेट्रोझोलवर असलेल्या बाईला तोच साचा लावला की दीड वर्षात नऊ किलो वाढतात आणि जिना चढताना कठडा धरावा लागतो. सासूबाईंना किंवा ताईंना दुखवू नका, लाडू नातवाला द्या.

आता हात.

‘ऑपरेशन झालेल्या हातानं एक किलोच्या वर आयुष्यभर उचलायचं नाही’ हे तुम्हाला डिस्चार्जच्या वेळी सांगितलं गेलं असणार. मी स्वतः सुरुवातीची कित्येक वर्षं हेच सांगत होते, कारण मला तसंच शिकवलं होतं. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या की हातातला द्राव वाहून जाण्याची वाट अरुंद होते, मग हातावर ताण आला तर सूज येईल, असा तो हिशोब. ऐकायला पटतो. माझ्याकडे तेव्हा मंडईत भाजी विकणाऱ्या एक बाई यायच्या. त्यांना मी दर वेळी रागवायची, त्या दर वेळी मान डोलवायच्या आणि पहाटे पुन्हा पाट्या उचलायच्या. पोट हातावर होतं, दुसरा इलाज नव्हता. त्यांच्या हाताला सूज आली नाही. माझं अक्षरशः पाळणाऱ्या मध्यमवर्गीय बायकांचे मात्र खांदे गोठले आणि हात काडीसारखे झाले. त्यांतल्या काहींना सूजही आली. एका बाईवरून शास्त्र बदलत नाही हे मला कळत होतं, पण तेव्हापासून माझ्या सांगण्यातला जोर गेला.

मग २००९ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाची चाचणी प्रसिद्ध झाली. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका घेतल्या होत्या. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढत जाणाऱ्या वजनांचा व्यायाम दिला, निम्म्यांना नेहमीचं आयुष्य. वर्षभरानं वजनं उचलणाऱ्यांची सूज जास्त वाढली नव्हतीच. उलट सूज अचानक बळावण्याचं प्रमाण त्यांच्यात १४ टक्के होतं आणि न उचलणाऱ्यांत २९ टक्के. पुढच्या वर्षी त्याच गटानं अजून सूज न आलेल्या बायकांवर हाच प्रयोग केला, तिथेही व्यायामानं सूज वाढली नाही. कारण समजायला सोपं आहे. लसिकेला, म्हणजे त्या द्रावाला, हृदयासारखा पंप नाही. स्नायू आवळतो-सैलावतो तेव्हा ती पुढे ढकलली जाते. शिवाय बळकट हाताला भाजीची पिशवी म्हणजे किरकोळ काम, आणि अशक्त हाताला तीच पिशवी म्हणजे अतिश्रम. ताण पिशवीच्या वजनावर ठरत नाही, हात किती तयार आहे यावर ठरतो.

म्हणून भरलेला तांब्या आजच उचला. पण लगेच गव्हाच्या गोणीकडे वळू नका. त्या चाचणीत सगळं काम ‘हळूहळू’ या शब्दानं केलं होतं, आणि बायका पहिल्या दिवशी उत्साहात तोच विसरतात.

वजनांच्या आधी खांदा मोकळा करायला हवा, कारण अडकलेल्या खांद्यानं वजन उचललं की मान आणि पाठ राबते. पाठीवर झोपा, दोन्ही हातांत आडवं लाटणं धरा आणि चांगल्या हाताच्या मदतीनं ते डोक्यामागे न्या. ताण जाणवेल तिथे पाच श्वास थांबा, कळ येईल इतकं पुढे नेऊ नका. दहा वेळा, दिवसातून दोनदा. मग भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढा आणि जिथवर पोचलात तिथे पेन्सिलीची खूण करा, तारीख लिहा. भिंत खराब होईल म्हणून कुरकुरणाऱ्या नवऱ्याला माझं नाव सांगा. काखेतून कोपराकडे ताणलेली सुतळीसारखी दोरी हाताला लागत असेल तर घाबरू नका, ऑपरेशननंतर ती बऱ्याच जणींना येते आणि ताणाच्या व्यायामांनी सहसा सैल होते. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून दोन-चार वेळा हातानं मोकळी करून घेतली तर लवकर होते. रेडिएशन दिलेली छातीची कातडी आणि खालचा स्नायू मात्र पुढची दोनेक वर्षंसुद्धा आवळत राहतो, त्यामुळे लाटणं इतक्यात स्वयंपाकघरात परत जाणार नाही. मोजमाप अंशांत करू नका. मागे हात नेऊन ब्लाउजची हुक लावता आली, दोन्ही हातांनी अंबाडा घालता आला, वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढता आला, ही माझी मापं.

वजनांचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. सोमवार-गुरुवार म्हणा. खुर्चीवरून उठबस, ओटा धरून टाचा उचलणं, भिंतीवर हात टेकवून दंड, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो दोन्ही कोपरं मागे नेत ओढणं, कोपरात वाकवून वजन उचलणं, आणि जमिनीवरून पिठाचा छोटा डबा पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकून उचलणं. प्रत्येक गोष्ट दहा-दहाच्या दोन फेऱ्या. पायांना सुरुवातीपासून जरा कष्ट होऊ द्यात, तिथे सुजेचा प्रश्न नाही. डाव्या हाताला मात्र अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून. सलग दोन वेळा ते सोपं वाटलं की अर्धा किलो वाढवा. पंधरा दिवस खंड पडला, ताप येऊन गेला, गावाला जाऊन आलात, तर परत दोन पायऱ्या खाली उतरून सुरू करा. खंडानंतर एकदम आधीच्याच वजनावर जाणं टाळायचं.

व्यायामानंतर दोन दिवस हात पाहायचा. जड वाटतो का, अंगठी रुतते का, नेहमीची बांगडी मनगटावर अडते का. बांगडीइतकं चांगलं यंत्र मला अजून सापडलेलं नाही. बायका ते रोज वापरतात आणि त्यांना मिलिमीटरचा फरक कळतो. शिवाय महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपनं दोन्ही हात मनगटाशी, कोपराच्या खाली आणि वर ठरावीक अंतरावर मोजून लिहून ठेवा. आधीच्या मोजणीपेक्षा दोन हातांतला फरक दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढला तर वजन थांबवा आणि दाखवायला या. सूज आधीच असेल तर व्यायामाच्या वेळी मापाचा घट्ट बाही-मोजा घालायचा. तो मापानंच घ्या, बहिणीचा किंवा शेजारणीचा नको. आणि हात लाल, गरम, दुखरा होऊन ताप आला तर तो जंतुसंसर्ग असतो. त्याला त्याच दिवशी डॉक्टर आणि गोळ्या लागतात, लेप नाही. या हाताची खरी काळजी तिथे घ्यायची: सुरी लागणं, भाजणं, बागेतले काटे, नखाची कड कापणं.

थकव्याबद्दल. हा साधा थकवा नव्हे, झोपून जात नाही, हे तुम्ही अनुभवलंच आहे. उपचार संपल्यावरही महिने-वर्षं रेंगाळणाऱ्या या थकव्यावर व्यायामाइतकं चांगलं काम करणारं औषध आजही नाही. २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून जो सल्ला प्रसिद्ध केला त्यात बारा आठवड्यांचा हिशोब आहे: आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम वेगाचा, दम लागेल असा व्यायाम, जोडीला दोनदा वजनांचा. एवढ्यानं थकवा, चिंता, उदासी आणि रोजची कामं करण्याची ताकद, या चारही गोष्टींत फरक पडतो. मध्यम वेग म्हणजे चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये.

पण आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत बी-१२ कमी सापडणं रोजचंच आहे, आणि तुमचे तळपाय जे बधिर आहेत त्यात साप्ताहिक केमोचा वाटा असला तरी बी-१२ची कमतरता असेल तर ती भर घालते. ती भरून काढता येते, मग का सोसायची? लाल केमोचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून जोर वाढवण्यापूर्वी हृदयाची शेवटची टू-डी इको (सोनोग्राफी) कधी झाली ते डॉक्टरांना विचारा. जिना चढताना पूर्वी लागत नसे इतका दम लागत असेल तर हे विचारणं टाळू नका.

आणि एक सवय सोडावी लागेल. बरं वाटलेल्या दिवशी माळा आवरायचा आणि पुढचे दोन दिवस पडून राहायचं, हे चक्र माझ्या जवळजवळ प्रत्येक पेशंटचं असतं. दिवाळीच्या आधी तर दवाखान्यात रांग लागते. दहा मिनिटं चाला, सकाळ-संध्याकाळ, बरं वाटो न वाटो. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा.

कुठे चालायचं? सुरुवात सोसायटीच्या आवारात, नाहीतर कमला नेहरू पार्कसारख्या सपाट बागेत. पाय बधिर आहेत तोवर आपले फूटपाथ टाळा. एका फरशीवर पाय पडेपर्यंत दुसरी गायब असते, आणि लेट्रोझोलवर हाडं विरळ होत असताना पडणं परवडत नाही. चपला नकोत, टाच धरून ठेवणारे बूट हवेत, रात्री तळवे पाहायचे. कोथरूडमध्ये राहून टेकडीचा मोह होणारच. वेताळ टेकडी, तळजाई जरूर, पण दोन-तीन महिन्यांनी आणि काठी घेऊन. पर्वतीच्या १०३ पायऱ्या हे उद्दिष्ट म्हणून छान आहे. माझ्या एक पेशंट केमोच्या वाढदिवशी दर वर्षी चढतात. मला स्वतःला हल्ली दोनदा थांबावं लागतं, त्या थांबत नाहीत.

योगासनांचं विचारलं नाहीत, पण पुण्यात विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. झोप, मन आणि खांद्यासाठी उत्तम. बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे वापरून आसनं आजारी माणसाच्या आवाक्यात आणण्याची जी पद्धत रुजवली, ती अशा शरीराला फार उपयोगाची आहे. फक्त त्यानं वजनांचे दोन दिवस रद्द होत नाहीत. आणि हाडांची डेक्सा तपासणी झाल्याशिवाय खोल पुढे वाकणारी आसनं आणि भराभरा सूर्यनमस्कार नकोत. मणका ठिसूळ असेल तर नेमकं तेच वाकणं नडतं.

बोटं आणि गुडघे आखडतात ते बहुतेक लेट्रोझोलमुळे. याच कारणानं बायका गुपचूप गोळी सोडतात, आणि डॉक्टरांना सहा महिन्यांनी कळतं. कृपा करून तसं करू नका. ती गोळी तुमचा आजार परत येण्याची शक्यता कमी करते. आपल्या घरी सांधे दुखले की ‘हालचाल कमी कर’ म्हणतात. इथे उलटं आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अशाच गोळ्यांनी सांधे धरलेल्या १२१ बायकांवर चाचणी झाली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यात दोनदा वजनं आणि एकूण १५० मिनिटं चालणं केलेल्यांचं सर्वांत वाईट दुखण्याचं मोजमाप वर्षभरात २९ टक्क्यांनी उतरलं, बाकीच्यांचं होतं तिथेच राहिलं. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघडझाप करा, मग चहा. तरीही असह्य असेल तर डॉक्टर त्याच गटातली दुसरी गोळी देऊन पाहतात, म्हणून बोला.

आता जेवण. व्यायामाचं मी सांगते, जेवणाच्या ताटाचं माझी आहारतज्ज्ञ सहकारी पाहते. पुढचं बरंचसं तिच्याकडून शिकलेलं आहे.

कर्करोगाच्या पेशंटला दर किलो वजनामागे रोज किमान एक ग्रॅम आणि शक्यतो दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं हवीत, असा युरोपातल्या पोषणतज्ज्ञांचा सल्ला आहे. तुमच्यासाठी सत्तर ग्रॅमचं लक्ष्य धरू. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा आधी डॉक्टरांना दाखवा. आता आपलं नेहमीचं ताट मोजू. सकाळी पोहे, साधारण चार-पाच ग्रॅम. दिवसभरात चार पोळ्या, बारा. दोन वाट्या वरण, आठ. आणि ते ‘पुणेरी’ पातळ असेल तर त्याहून कमी. भात, भाजी, चहातलं दूध, वाटीभर ताक मिळून दहा-बारा. झाले पस्तीस-छत्तीस. अर्धंच. पोट भरलेलं असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

उरलेलं अर्धं आणायला ताट उलटंपालटं करावं लागत नाही. दोन अंडी, बारा ग्रॅम. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची वाडगाभर उसळ, आठ. पन्नास ग्रॅम पनीर, नऊ. वाटीभर घट्ट दही, पाच. मूठभर शेंगदाणे, सात. घरी पिठलं होतंच, एका वाढीत सहाएक ग्रॅम मिळतात, बरोबर भाकरी असेल तर आणखी. सोयाच्या वड्या तीस ग्रॅम भिजवून भाजीत टाकल्या तर एकदम पंधरा. यातलं रोज सगळं नको. रोज चार गोष्टी, आलटून पालटून. आणि सगळं रात्री एकदम नको, तिन्ही जेवणांत वाटून. सकाळी पोह्यांऐवजी मूगडाळीचं धिरडं आणि अंडं केलं तरी निम्मी लढाई तिथेच होते. पोहे बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, पुण्यात राहायचंय मला. पण त्यात मूठभर दाणे आणि वर वाटाणे हवेत, शेजारी दही हवं.

उपवासाबद्दल थोडं कडक बोलते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. एकादशी, चतुर्थी, गुरुवार, श्रावणी सोमवार असे मिळून महिन्यात सहा-सात दिवस प्रथिनांविना गेले तर व्यायामाचा बराच फायदा वाहून जातो. उपवास सोडा असं म्हणायचा मला अधिकार नाही. राजगिरा, दूध, दही, पनीर, दाण्याची आमटी उपासाला चालतातच. खिचडीऐवजी त्यांच्यावर उपास करा.

हाडांसाठी रोज हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत बरंच झालं. तीळ, राजगिरा, दूध-दही आहेतच. उरलेलं आणि ड जीवनसत्त्व गोळीतून, रक्ताच्या रिपोर्टप्रमाणे. स्वतःच्या मनानं ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या पुड्या महिनोन्‌महिने घेत राहू नका.

मैत्रिणीच्या यादीकडे येऊ. दूध बंद करायचं कारण नाही. साखर ‘गाठीला खाऊ घालते’ म्हणून तिला घाबरायला नको, मात्र तुमचे नऊ किलो लाडू-शिऱ्यातून आलेत म्हणून ती कमी हवी. सोयाबीनवर २००९ मध्ये शांघायच्या ५,०४२ पेशंटचा अभ्यास आला. सोयाचे पदार्थ खाणाऱ्यांत आजार परत येण्याचं प्रमाण जास्त नव्हतं, उलट कमी होतं. वड्या, टोफू, सोयाबीनचं पीठ खुशाल खा. सोयाच्या अर्काच्या गोळ्या वेगळ्या, त्या नकोत. तसंच हळदीचं. आमटीत घाला, दुधात घाला, पण मिरीच्या अर्कासह येणाऱ्या हळदीच्या कॅप्सूल टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या हार्मोनच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण उतरवू शकतात. तुम्ही लेट्रोझोलवर आहात, पण हे वाचणाऱ्या काही जणी टॅमॉक्सिफेनवर असतील. गव्हांकुराचा कच्चा रस केमो चालू असताना, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना मुळीच नको. दारूचा विषय आमच्याकडे निघत नाही असं बायका म्हणतात, हल्ली निघतो. जितकी कमी तितकं बरं, नसली तर उत्तम.

एखादा विशिष्ट आहार आजार परत येऊ देत नाही असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त पेशंटवर भरपूर भाज्या-फळं आणि अगदी कमी तेल-तूप असा कडक आहार वर्षानुवर्षं वापरून पाहिला गेला. २००७ मध्ये निकाल आला, नेहमीच्या बऱ्या आहारापेक्षा काही फरक पडला नव्हता. आपण जेवण सुधारतोय ते ताकदीसाठी, हाडांसाठी, वजनासाठी. तेवढं पुष्कळ आहे. वजन महिन्याला किलोभर उतरलं तरी मला चालेल. तीन महिन्यांत दहा किलो उतरवणाऱ्यांकडे गेलात तर चरबीबरोबर स्नायूही देऊन याल.

कधी थांबायचं तेही सांगून ठेवते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, बसल्या जागी दम, रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं नवं दुखणं, ताप: यांतलं काहीही असेल तर व्यायाम बंद आणि आधी डॉक्टर. ज्यांच्या हाडांत आजार पसरलेला आहे त्यांनी वरची वजनं घरी स्वतःहून करायची नाहीत. त्यांनाही व्यायाम असतो, पण तो माणूस पाहून ठरवावा लागतो.

आता नातू. अजून पाच महिने आहेत. वर सांगितलेला पिठाचा डबा दोन किलोपासून सुरू करा. मार्च संपेपर्यंत तो जमिनीवरून दोन्ही हातांनी, छातीशी धरून, सात-आठ किलोपर्यंत जायला हवा, बांगडी न अडता. तिथवर पोचलात तर मे महिन्यात अकरा किलो, किंवा तोवर बारा, जमतील. न पोचलात तर सोफ्यावर बसा आणि त्याला चढून मांडीवर येऊ द्या. त्या वयात त्यांना चढायलाच आवडतं. उचलताना वाकून ओढायचं नाही, एक गुडघा जमिनीला टेकवायचा, त्याला आधी पोटाशी घ्यायचं आणि मग पायांच्या जोरावर उठायचं. उजव्या कमरेवर ठेवा, रेडिएशनची बाजू मोकळी राहील. आणि उचलण्याआधी त्याच्या मुठीतली गाडी काढून घ्या, तिची चाकं त्या कातडीवर घासतात. रडेल थोडा.